आई, स्टुलावरून उतर!

बाबांची शुगर दर तीन महिन्यांनी तपासली जाते. तुमचं कोलेस्टेरॉल ऑफिसवाले फुकटात तपासून देतात. आणि आईची हाडं? ती मोडल्यावरच आठवतात!

दिवाळीच्या आधीचा रविवार. आपण दहा वाजता डोळे चोळत बाहेर येतो, तर आई स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलेली. एक पाय स्टुलावर, दुसरा ओट्यावर. एका हातात माळ्यावरून काढलेला सोऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात ओलं फडकं.

'अगं, मला सांगायचंस ना!'

'तू उठणार कधी आणि मी सांगणार कधी!'

ओळखीचा सीन आहे ना? आमच्याकडे काही वर्षांपूर्वी तो असाच झाला. आई तेव्हा ५७ वर्षांची होती. गंमत म्हणजे स्टुलावरून ती अगदी व्यवस्थित उतरली. मग स्वतःच पुसलेल्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला, तोल सावरायला तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. फराळ बाहेरून आला, भांडी बाबांनी घासली, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा एकच वाक्य बोलून गेला. 'पडल्या ना, म्हणून मोडलं.'

प्लॅस्टर कापलं, कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली हातात मिळाली आणि विषय संपला. हॉस्पिटलात कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही की, अरे, उभ्या उभ्या पडल्यावर हाड मोडतंच कसं? उभ्या माणसाच्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोडलं तर त्याला वैद्यकशास्त्रात 'फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे हाड आधीच ठिसूळ झालेलं होतं. मनगट ही बहुतेकदा पहिली घंटा असते. आम्ही ती ऐकली आणि वर गोंद लावावा तसं प्लॅस्टर लावून घरी आलो.

दुसरी घंटा दीड वर्षाने वाजली. पाण्याने भरलेली बादली उचलताना आईच्या पाठीत 'उसण भरली'. बाम झाला, शेक झाला, शेजारच्या काकूंनी दिलेलं तेल झालं. तीन आठवडे गेले तरी दुखणं हटेना, म्हणून एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका दबलेला! आणि डॉक्टरांनी भिंतीला टेकून उंची मोजायला सांगितली, तेव्हा लग्नाच्या वेळी पाच फूट दोन इंच असलेली माझी आई पाच फूट अर्धा इंच भरली.

साडीला फॉल लावताना आईच्या लक्षात आलं होतं म्हणे. 'साड्या हल्ली लांब यायला लागल्यात असं वाटायचं,' ती म्हणाली.

दुखत नाही, हाच तर प्रॉब्लेम!

ऑस्टिओपोरोसिस हा शब्द आपल्याला टीव्हीवरच्या दुधाच्या जाहिरातींनी शिकवला. पण घरोघरी त्याची एक भलतीच खिचडी झालीय. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू सांगतात, 'मला गुडघ्यांचा ऑस्टिओ आहे.' तो ऑस्टिओ वेगळा हो काकू! गुडघ्याची झीज म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, तो सांध्यांचा आजार. तो दुखतो, कुरकुरतो, जिना चढताना आठवण करून देतो. हाडांचा ठिसूळपणा मात्र एक शब्द बोलत नाही. हाड मोडेपर्यंत त्याला काहीही दुखत नाही. त्यामुळे ज्या बाईचे गुडघे उत्तम आहेत, ती बिनधास्त असते. 'मला काय धाड भरलीय?' हे वाक्य अशाच बायका म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात.

पन्नाशी उलटलेल्या बायकांपैकी जगभरात साधारण तिघींपैकी एकीला ठिसूळ हाडांमुळे आयुष्यात कधी ना कधी फ्रॅक्चर होतं. पुरुषांत हे प्रमाण पाचांत एक आहे, त्यामुळे बाबा अगदीच सुटलेले नाहीत. आपल्याकडे ही फ्रॅक्चर्स पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात होताना दिसतात. एक कारण म्हणजे भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, तिकडे ते ५१ च्या घरात.

पाळीचा आणि हाडांचा काय संबंध? तर हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. त्यात सतत तोडफोड आणि बांधकाम चालू असतं, आपल्या शहरातल्या रस्त्यांसारखं. फरक एवढाच की इथे खोदलेला खड्डा वेळेवर बुजवलाही जातो. खोदणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. पाळी गेली की हा मुकादम नोकरी सोडून जातो, आणि खोदकाम बांधकामाच्या पुढे धावायला लागतं. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. आणि नेमकी हीच वर्षं आपल्या आया 'सुटले बाई एकदाची!' म्हणत निश्चिंत घालवतात.

एक प्रश्न तर आपण आईला कधी विचारतच नाही. गर्भपिशवी काढली असेल, तर त्याबरोबर अंडाशयंही काढली होती का? काढली असतील तर मुकादम त्याच दिवशी गेला, मग वय पस्तीस असो की चाळीस. 'पिशवी काढली' एवढंच घरात माहीत असतं. नेमकं काय काढलं हे खुद्द त्या बाईलाही कित्येकदा कुणी सांगितलेलं नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि त्यातल्या ज्यांची अंडाशयंही गेली त्यांनी हे सगळं मुकादम नसलेल्या हाडांवर करायचं. बातमी तेव्हा पिशव्यांची झाली. हाडांची बातमी पुढची वीस वर्षं हळूहळू होत राहील.

फूटपट्टी तुम्ही आहात

मणका दबल्यावर आईची 'डेक्सा' तपासणी झाली. टेबलावर झोपायचं, वरून एक यांत्रिक हात फिरतो, दहा-पंधरा मिनिटांत काम फत्ते. सुई नाही, बोगद्यासारखं मशीन नाही, आणि रेडिएशन छातीच्या साध्या एक-रेपेक्षाही कमी. खर्च काही हजार रुपये, म्हणजे आपल्या एका बऱ्यापैकी वीकएण्डइतका. आईचं म्हणणं, 'एका फोटोला एवढे पैसे? त्यात मिक्सर आला असता.'

रिपोर्टमध्ये एक आकडा असतो, टी-स्कोअर. उणे १ च्या वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीयत. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही रेघ आखून दिली. आईच्या कण्याचा आकडा होता उणे ३.१.

आता यातली इंटरेस्टिंग गोष्ट. हा स्कोअर आईची तुलना तिच्या वयाच्या बायकांशी करत नाही. तो तिची तुलना विशीतल्या निरोगी बाईशी करतो. म्हणजे तो रिपोर्ट हातात धरून मी डॉक्टरांसमोर बसले होते, तेव्हा त्यातली फूटपट्टी माझ्याच वयोगटाची होती! ती फूटपट्टी तरी सरळ आहे का, हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला. त्याच्याकडे येतेच, पण आधी त्या केबिनमध्ये जे झालं ते सांगते.

डॉक्टर एक फॉर्म भरत होते. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये 'फ्रॅक्स' नावाचं एक गणित तयार केलं. वय, वजन, आधीची फ्रॅक्चर्स, सिगरेट, दारू, स्टिरॉइडच्या गोळ्या, संधिवात असं सगळं त्यात भरायचं आणि पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, ते उत्तर येतं. भारतासाठीचं वेगळं मॉडेलही त्यात आहे. आई भराभर उत्तरं देत होती. सिगरेट? 'अय्या, छे!' दारू? नुसतं हसणं. मग डॉक्टरांनी विचारलं, 'आई किंवा वडील, कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?'

आई गप्प झाली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, ७४ व्या वर्षी बाथरूममध्ये पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. 'या वयात ऑपरेशन कशाला' असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं आणि आजी पलंगावर राहिली. आठ महिने आईने तिचं सगळं केलं. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला, आणि आजी गेली. 'म्हातारपणाने गेली' असंच आम्ही सगळे म्हणत आलो. तिची वाकलेली पाठही आम्हाला म्हातारपणच वाटायची. आजी म्हटलं की कमरेत वाकलेली, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की एकेक मणका दबत गेल्यावर पाठ वाकते, हे कुणाला सुचतच नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण पाचांतला एक जण वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांतले कितीतरी जण पुन्हा पूर्वीसारखं चालू शकत नाहीत. ऑपरेशन टाळणं हा बहुतेकदा सावधपणा नसतो. पडून राहणंच जास्त धोक्याचं असतं, आणि म्हणूनच आता शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला उभं करण्यावर डॉक्टरांचा भर असतो.

रिक्षात बसल्यावर आई एवढंच म्हणाली, 'म्हणजे आईचं पण हेच होतं तर.'

चहापुरतं दूध

आता आईच्या ताटाकडे बघा. बघाच एकदा, आपण कधी बघत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १,२००. एक कप दुधात साधारण अडीचशे. घरात दूध दीड लिटर येतं, पण त्याचा हिशोब कसा असतो? नातवाला एक कप, बाबांना रात्री एक कप, विरजणाला थोडं, साय लोण्यासाठी. आईच्या वाट्याला चहातलं. दिवसातून तीन चहा म्हणजे तीन वेळा दोन-दोन चमचे!

बरं, महाग काहीच खायची गरज नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. चमचाभर तिळात शंभरेक मिलिग्रॅम, म्हणजे भाकरीवरचे तीळ आणि तिळाची चटणी हे नुसतं संक्रांतीपुरतं ठेवायचं प्रकरण नाही. राजगिरा, शेवग्याचा पाला, दही, ताक. खाणाऱ्यांना सुकट, जी काट्यासकट पोटात जाते. फक्त पालकाच्या भरवशावर राहू नका. त्यात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेट त्याला धरून ठेवतं आणि अंगी फारसं लागू देत नाही.

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते रक्तात शिरायला व्हिटॅमिन डी लागतं. उन्हाच्या देशात राहून त्याची कमतरता असणारे आपण महान लोक! आई म्हणते, 'मी रोज सकाळी सहाला फिरायला जाते, कोवळं ऊन घेते.' फिरणं उत्तम, पण त्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे अतिनील बी किरण जवळजवळ नसतात. ते मिळतात साधारण अकरा ते दोनच्या उन्हात. साधी खूण अशी, की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरे, सावळ्या रंगाला थोडं जास्त. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मात्र चालत नाही, काच हे किरण अडवते. (एसी ऑफिसात 'विंडो सीट' मिळाली म्हणून खूश असणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आणि दुसरं टोकही आहे. डीच्या साठ हजार युनिट्सच्या त्या पुड्या आणि कॅप्सूल्स. डॉक्टर त्या आठवड्याला एक, अशा ठरावीक आठवड्यांसाठी देतात. आमच्या ओळखीत एक मावशी त्या वर्षभर घेत होत्या, कारण 'थांबवा असं कुणी म्हणालंच नाही.' हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं, आणि फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

आईच्या बाबतीत आणखी एक मजेशीर घोटाळा निघाला. ती सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि 'एकदाच काय ते उरकू' म्हणून त्याच पाण्याच्या घोटाबरोबर कॅल्शियमही घेत होती. दीड वर्ष! कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही, दोन्हींत किमान चार तासांचं अंतर लागतं. शिवाय दुकानात सर्रास मिळणारं कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घेतलं तरच नीट पचतं. आईची थायरॉइडची पातळी का हलेना, याचं कोडं त्या दिवशी सुटलं. आजच घरी जाऊन आईचा गोळ्यांचा डबा उघडा. पाच मिनिटांचं काम आहे.

रविवारची गोळी

नुसत्या कॅल्शियमने ऑस्टिओपोरोसिस बरा होत नाही, हे आम्हालाही नवीनच होतं. खोदकाम थांबवणारी औषधं वेगळी असतात. आईला आधी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी मिळाली. नियम कडक. उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेला जाळते. अर्धा तास बसून राहणं आईला जमलं. अर्धा तास चहाशिवाय राहणं जमेना! दुसऱ्या महिन्यात तिने बंड पुकारलं. मग डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड सुचवलं. त्याआधी किडनीची तपासणी झाली आणि दातांची राहिलेली कामं उरकून घेतली, कारण या औषधांनी क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही असतं. ते ज्यांच्या आयांना सुरू आहे त्यांनी तारीख मोबाइलवर लावून ठेवा. ते मनाने थांबवलं किंवा लांबवलं तर मणके दबण्याचा धोका उलटून वाढतो.

सोसायटीत टाचेला मशीन लावून हाडं तपासायचे फुकट कॅम्प होतात, ते तुम्ही पाहिले असतील. माझं त्याबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून निदान होत नाही, फार तर पुढे तपासावं का याचा अंदाज येतो. आमच्या कॅम्पात जवळजवळ सगळ्यांचा काटा लाल-पिवळ्यातच होता, आणि शेजारच्या टेबलावर गोळ्या विकायला होत्या. योगायोग म्हणूया!

व्यायामाचंही तसंच. हाडाला वजन पेललं की कळतं की आपली गरज आहे. म्हणून चालणं, जिने, हलके डम्बेल्स. पोहणं हृदयाला छान, पण पाणी वजन उचलून धरतं, हाडांना त्यात फारसं काम नाही. मणका आधीच दबलेला असेल तर मात्र खाली वाकून पायाचे अंगठे धरायची आसनं बंद. आईने पश्चिमोत्तानासन सोडलं, तेही बऱ्याच कुरकुरीनंतर. बाथरूममध्ये दांडी बसवली, न घसरणारी मॅट टाकली आणि दारातलं ते लाडकं, कडा मुडपलेलं पायपुसणं फेकून दिलं.

आणि फूटपट्टीचं काय?

ज्या दिवशी मी आईला डाएट चार्ट वाचून दाखवत होते, त्या दिवशी तिने चष्म्यावरून बघत विचारलं, 'तू गेल्या आठवड्यात किती वेळ उन्हात होतीस?'

मी हिशोब केला. पार्किंग ते लिफ्ट, लिफ्ट ते पार्किंग. सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी सॅन्डविच, रात्री दहाला काहीतरी मागवलेलं. मागच्या वर्षी लग्नाच्या सीझनआधी केलेलं क्रॅश डाएट, ज्यात तीन महिने पाळी बुडाली आणि मी ती 'स्ट्रेस'वर ढकलली. पाळी बुडणं म्हणजे मुकादम रजेवर, हे मला माहीत नव्हतं. हाडांची जमा तिशीच्या आसपास पूर्ण होते. त्यानंतर फक्त आहे ते टिकवायचं. मी २९ वर्षांची आहे, आणि फ्रॅक्सच्या त्या फॉर्मवर मी कधी बसले तर आई-वडिलांच्या खुब्याच्या रकान्यात काय लिहायचं, हे अजून माझ्या आईच्या हातात आहे.

आता आम्ही दोघी दुपारचं ऊन वाटून घेतो. ती गच्चीत पापड वाळत घालायच्या निमित्ताने, मी लंच अवरमध्ये ऑफिसच्या मागच्या गल्लीत चक्कर मारून. कलीग्ज हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात आईने स्वतःहून धाकट्या मावशीला फोन लावला. मावशीची गर्भपिशवी चाळिशीतच काढलीय.

'काय गं, तेव्हा सगळंच काढलं होतं का? अंडाशयं पण?'

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, 'मला नाही बाई माहीत. फाइल असेल माळ्यावर. थांब, आत्ता बघते काढून.'

'तू चढू नकोस!' आई इतक्या जोरात ओरडली की बाबा गॅलरीतून धावत आले.